स्कोअर 18 आलाय, किमो घेऊ की नको?

पत्र: ताई, मी 47 वर्षांची, कराडकडची, झेडपी शाळेत शिक्षिका आहे. पाच आठवड्यांपूर्वी पुण्यात डाव्या बाजूची ब्रेस्टमधली गाठ काढली. फक्त गाठच काढली, ब्रेस्ट राखलाय. सोनोग्राफीत गाठ 2.4 सेंमी होती, ऑपरेशननंतरच्या रिपोर्टात 1.8 लिहिलीये. काखेतल्या तीन गाठी तपासल्या, तिन्ही साफ. ग्रेड 2, ईआर पीआर पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह, केआय-67 20 टक्के. पाळी अजून चालू आहे. डॉक्टरांनी ऑन्कोटाइप नावाची टेस्ट अमेरिकेला पाठवायला लावली, पैसे लाखांत गेले आणि स्कोअर आला 18. डॉक्टर म्हणाले किमो नाही घेतली तरी चालेल असं माझं मत आहे, पण घरी बोलून ठरवा. तिथेच घोळ झालाय. दीर म्हणतात 18 टक्के म्हणजे पाचातल्या एकीला परत होणार, मग रिस्क कशाला, घेऊन टाका. नणंदेच्या मैत्रिणीला आठ किमो दिल्या, त्यामुळे ती म्हणते तुला का नाही देत. आमचे हे काही बोलत नाहीत, पण रात्री जागे असतात. मला किमो नको वाटते आणि मग वाटतं की मी केसांसाठी तर नको म्हणत नाहीये ना? पुढच्या आठवड्यात डॉक्टरांना सांगायचंय.

उत्तर:

अगं, सगळ्यात आधी त्या 18 च्या मागचं टक्क्याचं चिन्ह पुसून टाक. स्कोअर 18 आहे, 18 टक्के नाहीये. ही गडबड इतक्या घरांत होते की मला वाटतं रिपोर्टच्या पहिल्या पानावर लाल अक्षरांत छापायला हवं. हा स्कोअर 0 ते 100 असा एक आकडा आहे, ताप मोजायच्या थर्मामीटरवर 100 आला म्हणून कोणी शंभर टक्के ताप म्हणत नाही, तसंच आहे हे. तू शाळेत शिकवतेस, दिरांना हे तू माझ्यापेक्षा चांगलं समजावशील. तुझ्या रिपोर्टात स्कोअरच्या बाजूला दुसरा एक आकडा असेल, 9 वर्षांत कॅन्सर दूर कुठे, म्हणजे हाडात लिव्हरमध्ये फुफ्फुसात वगैरे पसरायची शक्यता किती, नुसत्या गोळीवर, म्हणजे किमो न घेता फक्त हार्मोन अडवणारी गोळी घेतली तर. तो टक्क्यांत असतो. तो शोध. ज्या मोठ्या अभ्यासावर ही टेस्ट उभी आहे त्यात 11 ते 25 स्कोअरवाल्या बायकांमध्ये नुसत्या गोळीवर तो आकडा साधारण साडेपाच टक्के आला होता. 18 आणि साडेपाच, दिरांची अर्धी भीती तर इथेच कमी व्हायला हवी.

मी कोण हे पण सांगते, म्हणजे माझं किती ऐकायचं ते तुला ठरवता येईल. मी तीसेक वर्षं मायक्रोस्कोपला डोळा लावून बसलेली पॅथॉलॉजिस्ट. किमो मी कधी दिली नाही, पण किमो द्यायची की नाही हे ज्या कागदावरून ठरतं ते कागद मी ढिगाने सही केलेत. त्यामुळे ते कागद किती पक्के आणि किती कच्चे हे मला आतून माहितीये. तुझ्या डॉक्टरांच्या जागी मी नाही, निर्णय तुमच्या दोघांचा. मी फक्त कागद वाचून दाखवते.

तुझ्या घरात दोन वेगळे प्रश्न एकत्र कालवले गेलेत. एक, कॅन्सर परत यायची शक्यता किती. दुसरा, किमो घेतली तर त्यातली किती कमी होईल. दीर पहिल्याचं उत्तर ऐकून घाबरलेत आणि थेट किमोवर उडी मारतायत, पण किमो घ्यायची की नाही हे दुसऱ्या प्रश्नावर ठरतं. धोका आहे म्हणून औषध घ्यायचं हे बरोबर, पण त्या धोक्यावर ते औषध चाललं पाहिजे ना.

तुमचा ऊस असेल असं मी धरून चालते, कराडकडे नसेल तर कुठे असणार. तुझ्या मालकांना विचार, तणनाशक कधी मारतात? तण तरारून वाढत असतं तेव्हा. मातीत झोपलेल्या बीवर ते मारून उपयोग नाही, बी तसंच राहतं. बहुतेक किमोची औषधं अशीच, भराभर दुभंगत असलेल्या पेशीला धरतात. म्हणून केस जातात, तोंड येतं, पांढऱ्या पेशी खाली येतात, कारण या सगळ्या शरीरातल्या भराभर वाढणाऱ्या जागा. आता काही ब्रेस्ट कॅन्सर असे असतात की त्यांची वाढ संथ, आणि ते जगतात मुख्यतः इस्ट्रोजेन या हार्मोनवर. त्यांचं पाणी तोडायचं असतं, म्हणजे हार्मोनची गोळी. तणनाशक मारून शेताचंच नुकसान जास्त. ऑन्कोटाइप हेच बघते. तुझ्या गाठीचे तुकडे बसवलेला जो मेणाचा ब्लॉक लॅबमध्ये होता त्यातले पातळ काप घेऊन 21 जीन्स किती चालू आहेत ते मोजतात, 16 कॅन्सरशी संबंधित आणि 5 तुलनेसाठी. पेशी दुभंगण्याशी संबंधित जीन्सना त्यात सगळ्यात जास्त वजन, हार्मोनच्या जीन्स उलट्या बाजूला स्कोअर खाली ओढतात.

आता तो अभ्यास. नाव टेलर-एक्स, निकाल 2018 साली आला. दहा हजारांवर बायका घेतल्या होत्या, सगळ्या तुझ्यासारख्या, हार्मोन पॉझिटिव्ह (तुझं ईआर पीआर ते हेच, पेशीत हार्मोन पकडणाऱ्या खुंट्या आहेत), हर-टू निगेटिव्ह (पेशी वाढवणारं हर-टू प्रथिन जास्त नाही), काखेतल्या गाठी साफ. 10 पर्यंत स्कोअर असलेल्यांना नुसती गोळी. 26 आणि वरच्यांना किमो आणि गोळी. खरा झगडा मधल्यांचा होता, 11 ते 25, सहा हजार सातशेच्या वर बायका, त्यांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं वाटून टाकलं, निम्म्यांना किमो आणि गोळी, निम्म्यांना नुसती गोळी. 9 वर्षांनी दूर न पसरलेल्या किती? नुसत्या गोळीवाल्या 94.5 टक्के. किमोवाल्या 95.0 टक्के.

हे दोन आकडे दिरांना कागदावर लिहून दे. नुसत्या गोळीवर शंभरातल्या साडेपाच जणींचा कॅन्सर दूर पसरला, आणि किमो घेऊनसुद्धा शंभरातल्या पाच जणींचा पसरला. "किमो घेऊन टाका म्हणजे रिस्क नको" असं जे म्हणतात ना, त्यात हे गृहीत असतं की किमो घेतली की परत येत नाही. येतो. ज्यांचा येणार त्यातल्या बहुतेकींचा किमो घेऊनही येतो, आणि ज्यांचा येणार नाही त्यांचा किमोशिवायही येत नाही. दोन एसटी गाड्या भरून शंभर बायका डोळ्यापुढे आण, सगळ्यांच्या पिशवीत तुझ्यासारखीच फाईल. केस शंभरातल्या जवळजवळ शंभरींचे जाणार, फायदा कदाचित एखादीला.

पण थांब, इथेच मी गप्प बसले तर तुला अर्धंच सांगितल्यासारखं होईल. तुझं वय 47 आणि पाळी चालू आहे. पन्नाशीच्या पुढच्या बायकांसाठी 25 पर्यंतच्या स्कोअरला किमोचा फायदा नाही हे त्या अभ्यासात स्वच्छ दिसलं. पन्नास आणि त्याखालच्यांमध्ये चित्र थोडं वेगळं आलं. 15 पर्यंत काही फरक नाही. 16 ते 20 मध्ये किमोवाल्यांना थोडा फायदा, दीडेक टक्का. 21 ते 25 मध्ये साडेसहा टक्क्यांच्या आसपास. तू त्या मधल्या खणात बसतेस, 16 ते 20. म्हणून तुझ्या डॉक्टरांनी "माझं मत आहे" असं म्हटलं, "गरज नाही" असं ठोकून नाही सांगितलं. घाबरून जाऊ नकोस त्यामुळे, उलट मला तो माणूस प्रामाणिक वाटतो.

आणि आता तुझा 1.8 आणि 2.4 चा घोळ, जो तू पत्रात सहज लिहून गेलीस आणि माझ्या मते तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे. 2019 साली त्याच अभ्यासाचा पुढचा भाग आला, त्यांनी स्कोअरच्या जोडीला गाठीचा आकार आणि ग्रेड धरून बघितलं. ग्रेड 1 असेल तर 3 सेंमीपर्यंत, ग्रेड 2 असेल तर 2 सेंमीपर्यंत आणि ग्रेड 3 असेल तर 1 सेंमीपर्यंत, याला कमी धोका म्हणायचं, वर गेलं की जास्त. पन्नाशीच्या आतल्या 16 ते 20 स्कोअरवाल्यांपैकी ज्या कमी धोक्यात होत्या त्यांना किमोचा फायदा जवळजवळ शून्य निघाला. जास्त धोक्यात होत्या त्यांना मात्र साडेसहा टक्क्यांच्या आसपास. म्हणजे बघ, 1.8 धरला तर तू एका बाजूला, 2.4 धरला तर दुसऱ्या बाजूला. सहा मिलिमीटरवर मामला.

कुठला धरायचा? पॅथॉलॉजीचा. सोनोग्राफीत गाठीभोवतीची सूज, आजूबाजूचे घट्ट झालेले धागे सगळं काळंच दिसतं, त्यामुळे दोन-चार मिलिमीटर इकडेतिकडे होतातच, कधी जास्त कधी कमी. गाठ बाहेर आल्यावर आम्ही ती शाई लावून कापतो, पट्टीने मोजतो, आणि मग काचेवर बघून कॅन्सर खरंच कुठून कुठपर्यंत आहे ते पक्कं करतो. तरी तू रिपोर्टात एक ओळ बघ, "इनव्हेझिव्ह" म्हणजे आजूबाजूला घुसलेल्या भागाचा आकार 1.8 लिहिलाय ना. कधीकधी शेजारी डक्टच्या, म्हणजे दुधाच्या नळीच्या, आतच राहिलेला भाग असतो, तो यात धरत नाहीत, आणि एकच गाठ आहे की शेजारी दुसरी छोटी पण होती तेही बघ. हे तीन मिनिटांचं काम आहे, डॉक्टरांना बोट ठेवून विचार.

ग्रेडचं पण असंच. ग्रेड आम्ही कसा देतो माहितीये? तीन गोष्टींना 1 ते 3 मार्क. पेशी नळ्या बनवतायत का, त्यांची केंद्रकं किती वेडीवाकडी, आणि दुभंगणाऱ्या पेशी किती. बेरीज 3 ते 5 म्हणजे ग्रेड 1, 6-7 म्हणजे 2, 8-9 म्हणजे 3. आता 7 आणि 8 मध्ये एक मार्काचाच फरक, आणि तो एक मार्क बरेचदा कुठल्या कोपऱ्यात दुभंगणाऱ्या पेशी मोजल्या यावर जातो. मी स्वतः जिथे काम करायचे तिथे एका स्लाइडवर मी 2 दिला आणि शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी 3, आणि दोघींचं काही चुकलं नव्हतं, तिसऱ्याला दाखवून मग सही केली. तुझ्या रिपोर्टात बेरीज लिहिली असेल, 6 आहे की 7 बघ. 6 असेल तर निवांत. 7 असेल आणि मनात किडा वळवळत असेल तर ब्लॉक आणि स्लाइड दुसऱ्या चांगल्या लॅबमध्ये, पाहिजे तर परळला टाटामध्ये, रिव्ह्यूला देता येतात. मी ही तपासणी सगळ्यांना सांगत नाही, पण तुझ्या केसमध्ये ग्रेड आणि आकार यांच्यावर इतकं टेकलंय की सांगावंसं वाटतं.

केआय-67, म्हणजे दुभंगायच्या तयारीतल्या पेशी किती, तो 20 टक्के, त्यावरून कोणी तुला उगाच घाबरवत असेल तर सोडून दे. 5 च्या खाली किंवा 30 च्या वर असेल तर तो आकडा भरवशाचा, मधला पट्टा लॅबनुसार बदलतो हे या विषयातल्या लोकांनी स्वतःच मान्य केलंय.

आता जरा गुंतागुंतीचं, पण तुला कळेल. तरुण बायकांना किमोचा जो थोडा फायदा दिसतो तो नेमका कशामुळे? पुष्कळ डॉक्टरांना अशी शंका आहे की त्यातला बराचसा किमोने कॅन्सरच्या पेशी मारल्यामुळे नसून किमोने पाळी बंद पडते, ओव्हरी झोपतात, इस्ट्रोजेन कमी होतं, म्हणून आहे. तसं असेल तर पाळी बंद करायला विष कशाला, महिन्याला किंवा तीन महिन्यांनी एक इंजेक्शन देऊनही ओव्हरी शांत करता येतात आणि बरोबर गोळी. नेमकं हेच तपासायला अमेरिकेत आता एक मोठी ट्रायल चालू आहे, ओव्हरीचं इंजेक्शन आणि गोळी सगळ्यांना, आणि किमो निम्म्यांनाच. निकाल यायला वेळ आहे, आपल्याला आता ठरवायचंय. पण डॉक्टरांना हा प्रश्न तू नक्की विचार, की "किमो नाही तर मग नुसती टॅमॉक्सिफेनची गोळी की ओव्हरी बंद करायचं इंजेक्शनपण?" ते इंजेक्शन फुकटचं नाही हां, गरम वाफा, झोप उडणं, सांधे धरणं, हाडं ठिसूळ होणं, चिडचिड, हे सगळं एकदम अंगावर येतं, हळूहळू येणाऱ्या मेनोपॉजसारखं नाही. पण किमो आणि काहीच नाही यांच्या मधला हा रस्ता आहे आणि घरातल्या चर्चेत तो आलेलाच दिसत नाही.

नणंदेच्या मैत्रिणीचं. तिला आठ दिल्या म्हणजे तिचा कॅन्सर वेगळा असणार. काखेतल्या गाठींत कॅन्सर असेल, किंवा हर-टू पॉझिटिव्ह असेल, किंवा ट्रिपल निगेटिव्ह, म्हणजे ईआर, पीआर, हर-टू तिन्ही निगेटिव्ह. ट्रिपल निगेटिव्हला हार्मोनची गोळी लागूच पडत नाही, तिथे किमो हाच मुख्य आधार, आणि तिथे ही ऑन्कोटाइप करतच नाहीत. ब्रेस्ट कॅन्सर हे आडनाव आहे गं, घरं वेगवेगळी. नणंदेला वाईट वाटू देऊ नकोस, तिला फक्त विचार की मैत्रिणीचा हर-टू काय होता. तिला माहीत नसेल, आणि विषय तिथेच थांबेल.

तुझ्या मनातलं जे खरं आहे ते तू शेवटी लिहिलंस. केसांसाठी तर नको म्हणत नाहीये ना. समजा म्हणत असलीस, तरी काय बिघडलं? केस, वर्गात उभं राहायची ताकद, बोटांना येणारी बधिरता जी काहींची वर्षानुवर्षं जात नाही, तापात अॅडमिट व्हायची वेळ, किमोतलं लाल रंगाचं औषध (डॉक्सोरुबिसिन) असेल तर हृदयावरचा थोडा धोका, हे सगळं तराजूच्या एका पारड्यात घालायचंच असतं, त्यात लाजायचं काय. दुसऱ्या पारड्यात दहा टक्के फायदा असता तर मी तुला म्हणाले असते केस गेले खड्ड्यात, येतील परत, उद्याच्या उद्या सुरू कर. पण तुझ्या दुसऱ्या पारड्यात, 1.8 आणि ग्रेड 2 पक्का असेल तर, जवळपास काही नाहीये. माझ्या सख्ख्या बहिणीची ही फाईल असती तर मी डॉक्टरांच्या बाजूने उभी राहिले असते आणि किमोशिवाय पुढे जा म्हटलं असतं. ग्रेड 3 निघाला किंवा इनव्हेझिव्ह भाग 2 च्या वर निघाला तर माझं मत बदलेल, तेव्हा मग परत बसून बोलायचं.

आणि "उद्या परत आला तर लोक म्हणतील बघ किमो घेतली नाही म्हणून", मालक रात्री छताकडे बघत हेच मोजत असणार असं मला वाटतं. त्यांना डॉक्टरांकडे बरोबर घेऊन जा. बायका एकट्या जातात, घरी येऊन सांगतात, आणि मग घरातला माणूस आपल्याला विचारलंच नाही म्हणून नाही तर आपण ऐकलंच नाही म्हणून घाबरलेला असतो. दिरांना न्यायची गरज नाही, माझ्या मते.

घाईबद्दल. ऑपरेशनला पाच आठवडे झालेत. किमो द्यायचीच झाली तर ऑपरेशननंतर 90 दिवसांच्या आत सुरू व्हावी असं मानतात, त्याच्या पुढे ढकलू नये. म्हणजे तुझ्याकडे स्लाइड रिव्ह्यूला दोन आठवडे आरामात आहेत, "लगेच नाही घेतली तर पसरेल" असं कोणी म्हटलं तर ऐकू नकोस. पण ब्रेस्ट राखलाय म्हणून रेडिएशन, आपल्याकडे शेक म्हणतात ते, घ्यावं लागणारच, ते किमो नाही म्हणून टळत नाही. कित्येक जणी इथे गल्लत करतात, किमो नको म्हटलं की वाटतं सुटलो.

गोळी सुटायला तर अजिबात नको. खरी ट्रीटमेंट तुझी तीच आहे आणि ती इतकी स्वस्त आणि साधी आहे की तिची कोणाला किंमतच वाटत नाही. टॅमॉक्सिफेन पाच वर्षं घेतली तर त्या पाच वर्षांत कॅन्सर परत यायचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर येतं, आणि 15 वर्षांचा हिशोब धरला तर मृत्यू साधारण एक तृतीयांशाने कमी होतात. तुझ्या बाबतीत किमो याच्या जवळपासही फिरकत नाही. आणि लोक काय करतात, किमोसाठी दागिने मोडतात आणि गोळी दीड वर्षाने "आता बरं वाटतंय" म्हणून बंद करतात, कोणाला सांगतही नाहीत. हार्मोनवाला कॅन्सर चिवट असतो, पाच वर्षांनंतरही, दहा वर्षांनंतरही उगवू शकतो. टेलर-एक्सच्या बायकांचा 12 वर्षांपर्यंत पाठपुरावा झाला तेव्हा किमोबद्दलचं उत्तर तेच राहिलं, पण पाच वर्षांनंतर परत आलेले कॅन्सर त्याआधी आलेल्यांपेक्षा जास्त होते. तेव्हा पाच वर्षं झाली की गोळी थांबवायची की दहापर्यंत न्यायची हे तेव्हाच्या डॉक्टरांना विचारायचं, स्वतः ठरवायचं नाही. गोळी चालू असताना दिवस राहता कामा नयेत, आणि 47 व्या वर्षी "आता कुठे" म्हणू नकोस, तांबीसारखं बिनहार्मोनचं काहीतरी बघ. पाळीत काही विचित्र रक्तस्राव झाला तर दाखव. आणि डिप्रेशनसाठी कोणी गोळी लिहिली तर टॅमॉक्सिफेन चालू आहे हे आधी सांग, पॅरॉक्सेटिन फ्लुऑक्सेटिनसारख्या काही गोळ्या तिचं काम अडवतात.

हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी दोन गोष्टी, कारण मला माहितीये की या पत्रानंतर दहा जणी विचारणार ही टेस्ट कुठे करायची. प्रत्येकीला नाही करायची. हर-टू पॉझिटिव्ह, ट्रिपल निगेटिव्ह, काखेतल्या चार किंवा जास्त गाठींत कॅन्सर, यांनी यावर पैसे घालवू नयेत. काखेतल्या एक ते तीन गाठींत कॅन्सर असेल तर 2021 साली वेगळा अभ्यास आलाय, पाळी गेलेल्यांना 25 पर्यंत स्कोअर असेल तर किमोचा फायदा नाही, पाळी चालू असलेल्यांना आहे. आणि गाठ अर्ध्या सेंटिमीटरची, ग्रेड 1 असेल तर टेस्टशिवायच उत्तर दिसतं. परवडत नसेल तर घर गहाण टाकू नका. बेंगळुरूत तयार झालेली कॅनअसिस्ट नावाची टेस्ट आहे, ती जीन्सऐवजी पाच प्रथिनं आणि गाठीचा आकार, ग्रेड, काखेतल्या गाठी मिळून सांगते, तीत 15.5 च्या वर गेलं की जास्त धोका, आणि तो 15.5 ऑन्कोटाइपच्या 15 शी ताडून बघू नका, दोन्हींचा काही संबंध नाही. केंब्रिजच्या लोकांनी बनवलेलं प्रेडिक्ट नावाचं फुकट साधन इंटरनेटवर आहे, वय, आकार, ग्रेड, गाठी भरल्या की शंभरातल्या किती जणी दहा वर्षं जगतील, गोळीने किती वाढतील, किमोने किती वाढतील ते दाखवतं. ते आकडे ब्रिटनमधल्या बायकांवरून काढलेत हे लक्षात ठेवून, आणि डॉक्टरांबरोबर बसूनच ते उघडा, रात्री अकरा वाजता एकट्याने नाही.

शेवटी तुझ्यासाठी एक बारीकसं काम. टेस्ट झाल्यावर तुझा ब्लॉक अमेरिकेहून परत लॅबला येतो, तो आला का विचार आणि कुठे ठेवलाय ते फाईलवर लिहून ठेव. रिव्ह्यूसाठी तो घेऊन जाणार असशील तर पर्समध्ये ठेव, गाडीच्या काचेपाशी उन्हात नाही. ते मेण असतं, कराड ते मुंबई दुपारच्या उन्हात डॅशबोर्डवर ठेवलं तर वितळतं, आणि मग माझ्यासारख्या कुठल्या तरी बाईला त्याच्यातून काही कापता येत नाही.